शाफ्ट मोडल्यावर: फटीगचा तडा कसा वाचावा, कसा मोजावा, कसा थांबवावा

शाफ्ट मोडला की पहिल्या पाच मिनिटांत दोन चुका होतात. एक जण दोन्ही तुकडे उचलून एकमेकांना जुळवून बघतो आणि दुसरा मोडलेलं तोंड डिझेलने धुऊन वायर ब्रशने घासतो. दोघांचा हेतू चांगलाच असतो, पण तडा कुठून सुरू झाला, किती दिवस वाढत होता आणि शेवटी का तुटला, हे सांगणाऱ्या खुणा तिथेच पुसल्या जातात.

म्हणून सुरुवात इथून करा. तुकडे वेगवेगळे ठेवा, तोंडाला तोंड लावू नका. फोटो काढा, समोरून तर काढाच, पण बॅटरीचा उजेड तिरपा पाडूनही काढा, म्हणजे उंचसखलपणा दिसतो. ओलावा असेल तर कोरड्या हवेने उडवा, हलकं तेल लावा आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. कोणत्या बाजूला कपलिंग होतं आणि कोणत्या बाजूला बेअरिंग, ते मार्करने लिहा. एवढं झालं की मशीन चालू करण्याच्या गडबडीला लागायला हरकत नाही.

मोडलेलं तोंड वाचणं

फटीगने, म्हणजे पुन्हा पुन्हा चढणाऱ्या-उतरणाऱ्या भाराने, मोडलेल्या तोंडावर बहुधा दोन प्रदेश दिसतात. एक गुळगुळीत असतो, कधी गंजाने तांबूस, कधी तेलाने काळवंडलेला. दुसरा खरखरीत, दाणेदार आणि ताजा चकाकणारा. गुळगुळीत भागात तडा सावकाश वाढला; उघडझाप होताना दोन्ही बाजू एकमेकींवर घासून तो गुळगुळीत झाला. खरखरीत भाग शेवटच्या एका झटक्यात तुटला.

हा दाणेदार भाग पाहून आजही वर्कशॉपमध्ये "मटेरियल क्रिस्टलाइज झालं" असं म्हणतात. हा समज फार जुना आहे. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडून भीषण अपघात झाला, तेव्हाही अनेकांना वाटलं की धक्क्यांनी लोखंडाची जातच बदलली. विल्यम रँकिन या तरुण अभियंत्याने १८४३ मध्ये मोडलेल्या आसांवरून दाखवलं की तडा बाहेरच्या कडेवरून, धारदार कोपऱ्यापाशी सुरू होऊन आत गेलेला असतो. लोखंड पहिल्या दिवसापासून स्फटिकमयच असतं. नवीन काही घडलेलं असेल तर तो तडा. "क्रिस्टलाइज झालं" म्हटलं की दोष स्टीलवर जातो आणि खरं कारण शोधायचं राहून जातं, म्हणून हा शब्द मला खटकतो.

गुळगुळीत भागावर ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा कमानी दिसतात. कमानी जिथे लहान होत जाऊन एका बिंदूपाशी मिळतात, तिथे तड्याचा जन्म. मशीन बंद पडलं, भार बदलला, हवा-पाणी आत शिरलं, की अशी एक कमान उमटते. एक कमान म्हणजे भाराचा एक फेरा नव्हे; एका कमानीत लाखो फेरे असू शकतात. प्रत्येक फेऱ्याची स्वतंत्र रेष असते तीही, पण ती इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखालीच दिसते.

आता शेवटचा खरखरीत भाग किती मोठा आहे ते बघा. तो लहान असेल तर शाफ्टवर भार फारसा नव्हता. उरलेल्या थोड्याशा धातूनेही तो शेवटपर्यंत पेलला. मग कारण स्थानिक आहे: खाच, ओरखडा, गंजाचा खड्डा. खरखरीत भाग निम्म्याहून मोठा असेल तर भारच जास्त आहे, तिथे नुसता खड्डा घासून भागणार नाही. कडेने सगळीकडून छोट्या पायऱ्यांसारख्या उभ्या रेघा निघाल्या असतील तर तडे एकाच वेळी अनेक ठिकाणी सुरू झालेत. तेव्हा पायरीच्या, म्हणजे शाफ्टचा व्यास बदलतो त्या जागेच्या, कोपऱ्याची त्रिज्या आणि कपलिंगची अलाइनमेंट दोन्ही तपासा. कीवेच्या (चावी बसवायच्या खाचेच्या) कोपऱ्यातून तडा ४५ अंशात तिरका गेला असेल तर पीळ, म्हणजे टॉर्शन, हे कारण.

एका कारखान्यात एकाच पंपाचे तीन शाफ्ट लागोपाठ बदललेले मी पाहिले. दर वेळी स्टीलची प्रत वाढवली, दर वेळी शाफ्ट त्याच जागी मोडला. चौथ्यांदा तोंड जपून ठेवलं. बेअरिंगच्या पायरीचा आतला कोपरा टर्नरने चौकोनी सोडला होता आणि सगळ्या कमानी तिथेच मिळत होत्या. त्रिज्या ठेवून, पॉलिश करून बनवलेला पुढचा शाफ्ट साध्याच स्टीलचा होता, आणि तो टिकला.

तडा जन्मतो कुठे

धातूला वारंवार ताण दिला की पृष्ठभागावरच्या काही कणांच्या आतले थर एकमेकांवरून किंचित घसरतात. ताण उलटला तरी ते तंतोतंत मूळ जागी परत येत नाहीत. यूइंग आणि हम्फ्री यांनी १९०३ मध्ये स्वीडिश लोखंडावर मायक्रोस्कोपखाली हे घसरणीचे पट्टे वाढत जाऊन त्यांतून तडा फुटताना पाहिला. सुरुवातीला तडा तिरका जातो, मग वळून मुख्य ताणाला काटकोनात वाढतो.

पॉलिश केलेल्या शाफ्टचं बहुतेक आयुष्य तडा जन्मण्याआधीच्या या टप्प्यात जातं. वेल्डिंगचं मात्र उलट आहे. वेल्डच्या पायथ्याशी, जिथे वेल्ड आणि प्लेट मिळतात त्या रेषेवर, स्लॅगचे आणि अंडरकटचे (वेल्डच्या कडेला प्लेट वितळून पडलेल्या चरीचे) बारीक दोष पहिल्या दिवसापासून असतात. तिथे तडा जन्मायची वाट बघावीच लागत नाही, तो लगेच वाढू लागतो. म्हणूनच वेल्डेड जोडाला जास्त ताकदीचं स्टील वापरून फटीगचं आयुष्य जवळजवळ वाढत नाही. ही गोष्ट अनुभवी डिझायनरही विसरतात. पैसे खर्चच करायचे असतील तर महागड्या प्लेटपेक्षा वेल्डचा पायथा नीट घासून गोलसर करण्यावर करा.

तपासणीच्या यादीत या जागा पहिल्या घ्या: पायरीचे कोपरे, कीवेची टोकं, दाबून बसवलेल्या (प्रेसफिट) हबची कड, वेल्डचे पायथे, ऑइल होल, गंजाचे खड्डे. आणि लोक हमखास विसरतात त्या दोन: शाफ्टवर ठोकलेला नंबर-पंच आणि वेल्डरने इलेक्ट्रोड सहज टेकवून पाडलेला ठिपका.

तडा शोधणं

आधी डोळे. रंगात केसासारखी रेघ, त्या रेघेतून पाझरलेला गंज, पुसल्यावर पुन्हा उमटणारी तेलाची ओळ, बोल्टच्या जोडाभोवती कोकोसारखी तपकिरी भुकटी. यातलं काहीही दिसलं की मशीन बंद करून पुढची तपासणी करा.

डीपी, म्हणजे डाय पेनिट्रंट, टेस्ट तड्यात रंगीत द्रव शिरवून तो दाखवते. ती स्वस्त आहे, पण घाईत केली तर खोटा दिलासा देते. पृष्ठभाग सॉल्व्हंटने स्वच्छ करा. ग्राइंडरने जोरात घासू नका. मऊ धातू तड्याच्या तोंडावर पसरतो आणि तोंड बुजतं. लाल पेनिट्रंट मारून १० ते ३० मिनिटं थांबा. मग कापडावर क्लीनर घेऊन पुसा. क्लीनरचा फवारा थेट कधीही मारू नका, कारण तो तड्यातलं पेनिट्रंटही धुऊन काढतो. डेव्हलपरचा पातळ थर मारा आणि किमान १० मिनिटं पाहत राहा. उन्हात तापलेल्या पृष्ठभागावर ही टेस्ट करू नका, पेनिट्रंट वाळून जातं.

चुंबकीय कणांची टेस्ट स्टीलसाठी जास्त चांगली, पण चुंबकीय रेषा तड्याला आडव्या असतील तरच तो दिसतो. म्हणून योक (हातातला विद्युतचुंबक) प्रत्येक जागी ९० अंशात फिरवून दोनदा लावा. या दोन्ही टेस्ट तड्याची लांबी सांगतात, खोली सांगत नाहीत. खोलीसाठी, आणि हबच्या आत दडलेल्या तड्यासाठी, अल्ट्रासॉनिक लागते आणि ती प्रमाणित माणसाकडूनच करून घ्यावी. साखर कारखान्यात हंगाम संपल्यावर मिल रोलरचे शाफ्ट अल्ट्रासॉनिकने तपासतात ते याचसाठी. रोलरच्या शेलखाली, म्हणजे बाहेरच्या कवचाखाली, झाकलेला शाफ्ट डोळ्याला दिसतच नाही.

दिवस नको, फेरे मोजा

या लेखातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही आहे. तड्याला तास-दिवस कळत नाहीत. भार चढला आणि उतरला, की एक फेरा. तेवढंच तो मोजतो.

२८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या ७३७ विमानाचं छत उड्डाणात सुमारे साडेपाच मीटर लांबीत उडून गेलं आणि एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला. विमान १९ वर्षांचं होतं. त्याचे उड्डाणाचे तास ३५,४९६ झाले होते आणि मूळ रचना ५१,००० तासांची होती. तासांच्या वहीत विमान अजून तरुणच होतं. पण बेटाबेटांवरच्या छोट्या फेऱ्यांमुळे उड्डाणं ८९,६८० झाली होती, आणि रचना ७५,००० उड्डाणांची होती. प्रत्येक उड्डाणात केबिनमध्ये हवेचा दाब भरतो आणि उतरताना सुटतो, म्हणजे एक फेरा. समुद्राच्या खाऱ्या हवेने सुटलेले चिकट जोड आणि रिव्हेटच्या भोकांपासून निघालेले असंख्य छोटे तडे एकमेकांना मिळाले. चौकशीत असंही समजलं की विमानात चढताना एका प्रवासी महिलेने बाहेरच्या पत्र्यावर तडा पाहिला होता आणि तो कुणालाही सांगितला नव्हता. तुमच्या कारखान्यात "साहेब, इथे रेघ दिसतेय" असं सांगणाऱ्या हेल्परचं म्हणणं कामाच्या गर्दीतही आधी ऐकून घ्या.

हिशेब

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. कारखान्यातल्या ईओटी क्रेनच्या (वरच्या रुळांवर धावणाऱ्या विजेच्या क्रेनच्या) गर्डरची खालची प्लेट घ्या. तिच्या कडेला २ मिमीचा तडा सापडला. प्रत्येक उचलीत तिथला ताण १०० मेगापास्कलने वाढतो आणि उतरतो.

पहिली पायरी म्हणजे तड्याच्या टोकाशी ताण किती एकवटतो ते काढणं. याला डेल्टा-के म्हणतात. कडेच्या लहान तड्यासाठी:

डेल्टा-के = १.१२ × ताणातला फरक × √(३.१४ × तड्याची लांबी मीटरमध्ये)

इथे १.१२ × १०० × √(३.१४ × ०.००२) = सुमारे ८.९. एकक मेगापास्कल √मीटर.

दुसरी पायरी पॅरिसचा नियम. पॉल पॅरिस या अमेरिकन संशोधकाने मांडलं की तडा एका फेऱ्यात किती वाढेल ते डेल्टा-केच्या एका घातावर अवलंबून असतं. नामवंत नियतकालिकांनी त्यांचा निबंध नाकारला. अखेर १९६१ मध्ये तो वॉशिंग्टन विद्यापीठाच्या एका छोट्या नियतकालिकात छापला गेला. आज जगभर हाच नियम वापरतात. साध्या बांधकामी स्टीलसाठी घात ३ आणि स्थिरांक ६.९ भागिले एक लाख कोटी धरतात. उत्तर मीटरमध्ये येतं.

८.९ चा घन सुमारे ७००. त्याला स्थिरांकाने गुणलं की एका फेऱ्यात वाढ सुमारे ०.०००००४८ मिमी. एक मिलिमीटर वाढायला दोन लाखांवर फेरे! पण तडा वाढला की डेल्टा-के वाढतो आणि वेगही वाढतो. तडा १० मिमीचा झाला की डेल्टा-के जवळपास २० होतो आणि पुढचा मिलिमीटर साधारण १८,५०० फेऱ्यांत संपतो.

तिसरी पायरी म्हणजे हे सगळे तुकडे जोडणं. घात ३ असताना सूत्र सोपं होतं: फेरे = ३७,०५० × (१/√सुरुवातीची लांबी − १/√शेवटची लांबी), लांबी मीटरमध्ये. ३७,०५० हा आकडा फक्त १०० मेगापास्कलसाठी आहे. ताण वेगळा असेल तर १०० ला त्या ताणाने भागा, उत्तराचा घन करा आणि त्याने ३७,०५० ला गुणा. क्रेन बंद करायची मर्यादा मी २५ मिमी धरतो.

२ ते ४ मिमीला सुमारे २,४३,००० फेरे लागतात, ४ ते १० मिमीला २,१५,००० आणि १० ते २५ मिमीला अवघे १,३६,०००. एकूण सुमारे ५,९४,०००. उरलेल्या आयुष्यातला ४१ टक्के भाग पहिल्या दोन मिलिमीटरमध्येच जातो.

आकडे थोडे हलवून पाहा, मग खरी समज येते. मर्यादा २५ ऐवजी ५० मिमी केली तर फेरे फक्त ६,६३,००० होतात. जेमतेम १२ टक्के वाढ. उलट सुरुवातीचा तडा २ ऐवजी १ मिमीचा असताना सापडला तर ९,३७,०००. आणि ताण फक्त २० टक्क्यांनी वाढला तर ३,४४,०००. म्हणून "अजून थोडा वाढू दे, मग बघू" यात काहीच हाती लागत नाही. फायदा आहे तो लवकर शोधण्यात आणि ताण कमी करण्यात.

आता फेऱ्यांचे दिवस करा. क्रेन रोज २०० वेळा माल उचलते, वर्षाला ३०० दिवस चालते, म्हणजे ६०,००० फेरे. ५,९४,००० फेऱ्यांना जवळपास १० वर्षं. तेवढेच फेरे मिनिटाला ५ वेळा फिरणाऱ्या मिल रोलरचे ८२ दिवसांत होतात, म्हणजे १५० दिवसांच्या गाळप हंगामात मधेच कुठेतरी. आणि मिनिटाला १४४० वेळा फिरणाऱ्या पंपाच्या शाफ्टचे सात तासांच्या आत, एका शिफ्टमध्ये. गोल शाफ्टचं सूत्र वेगळं असतं, ही फक्त फेऱ्यांची तुलना आहे. पण "क्रेनच्या गर्डरला वर्षभर काही झालं नाही, मग शाफ्टचा छोटा तडा चालेल" असं कोणी म्हणालं तर हे तीन आकडे समोर ठेवा. फिरत्या शाफ्टला तडा दिसला की हिशेब करत बसायचं नाही, शाफ्ट बदलायचा.

काही सावधगिरी. वेल्डजवळच्या तड्यासाठी बीएस ७९१० या ब्रिटिश मानकातला सावध स्थिरांक वरच्या आकड्याच्या सुमारे २.४ पट आहे. आयुष्य त्याच प्रमाणात घटतं. खारं पाणी लागत असेल, जसं बंदरातल्या क्रेनला किंवा जहाजाला, तर वेग आणखी कित्येक पट वाढतो. डेल्टा-के फार कमी असेल तर तडा वाढतच नाही हे खरं. सावधपणे ही हद्द २ धरतात. पण आपल्या २ मिमीच्या तड्याने निपचित राहावं असं वाटत असेल तर ताणातला फरक २२ मेगापास्कलच्या आत हवा. चालत्या क्रेनवर ते क्वचितच शक्य असतं. एखादा मोठा भार पडल्यावर तडा काही काळ मंदावतो, हेही खरं आहे. त्या भरवशावर मात्र तपासणी पुढे ढकलू नका.

तपासणी कधी

तपासणीच्या पद्धतीने खात्रीने सापडेल एवढ्या तड्यापासून मर्यादेपर्यंतचे फेरे काढा आणि त्याला ३ ने भागा, म्हणजे एखादी तपासणी चुकली तरी दुसरी हाताशी राहते. रंगवलेल्या गर्डरवर रंग काढून केलेल्या डीपी टेस्टमध्ये ५ मिमीचा तडा नक्की सापडतो असं धरलं, तर ५ ते २५ मिमीला सुमारे २,९०,००० फेरे, म्हणजे पावणेपाच वर्षं. तिसरा हिस्सा दीड वर्ष. नुसत्या डोळ्यांनी, रंगावरून, १५ मिमीच्या आतलं सापडणार नसेल तर हातात फक्त ६८,००० फेरे उरतात. मग दर साडेचार महिन्यांनी बघावं लागेल. डीपीचा एक डबा किती स्वस्त पडतो ते इथे कळतं.

सापडल्यावर काय करायचं

वरून वेल्डचा एक पास मारून तडा झाकणं ही सर्वांत वाईट दुरुस्ती. खाली तडा तसाच राहतो, वर नव्या वेल्डचा पायथा तयार होतो आणि पुढच्या तपासणीला काही दिसतही नाही.

उथळ तडा, मिलिमीटरभराचा, घासून काढता येतो. घासताना रेघा ताणाच्या दिशेने राहतील असं घासा, खड्डा लांबट आणि सपाट उताराचा ठेवा, शेवटी डीपी करून तडा गेला याची खात्री करा.

प्लेटमधला आरपार तडा तात्पुरता थांबवायला टोकाला भोक पाडतात. यात नेहमीची चूक म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या टोकावर भोक पाडणं. खरं टोक त्याच्या पुढे असतं. आधी डीपीने टोक शोधा, भोक पाडल्यावर त्याच्या आतल्या भिंतीवर पुन्हा डीपी करा. पलीकडे रेघ निघाली तर भोक पुढे वाढवा. रीमर फिरवा, कडा गोल करा, शक्य असेल तर त्यात हाय-टेन्साइल बोल्ट घट्ट आवळा. ही कायमची दुरुस्ती नाही.

कायमची वेल्ड दुरुस्ती करायची तर तडा मुळापासून गाउज करून (धातू कोरून) काढा, तो संपला हे डीपीने सिद्ध करा, स्टीलनुसार प्रीहीट द्या, कोरडे लो-हायड्रोजन इलेक्ट्रोड वापरा आणि शेवटी वेल्ड प्लेटच्या पातळीला घासून घ्या. ईएन २४ सारख्या मिश्र स्टीलच्या शाफ्टवर साइटवर वेल्डिंग करूच नका.

आणि दुरुस्ती करताना नवीन जागा बिघडवू नका. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात अलेक्झांडर किलंड हे तरंगतं निवासी व्यासपीठ उलटून १२३ माणसं बुडाली. तडा सुरू झाला होता एका ब्रेसवर (आडव्या-तिरक्या आधारनळीवर) जोडलेल्या हायड्रोफोनच्या (पाण्याखालचा आवाज टिपणाऱ्या उपकरणाच्या) आधाराच्या ६ मिमी फिलेट वेल्डपासून. तो आधार भार घेणारा नव्हता, म्हणून त्याच्या वेल्डकडे कुणी मुख्य जोडासारखं पाहिलंच नाही. तड्याच्या आत रंग सापडला. म्हणजे तो बांधणीच्या वेळीच तिथे होता. गर्डरच्या खालच्या प्लेटला केबल ट्रेचा ब्रॅकेट वेल्ड करायला कोणी निघालं तर त्याला थांबवा आणि क्लॅम्प द्या.

काम झाल्यावर तड्याच्या दोन्ही टोकांची जागा, तारीख, त्या दिवसापर्यंतची उचलींची संख्या आणि फोटो रजिस्टरमध्ये घाला. टोकावर खूण मार्करने करा. सेंटर पंच मारला तर तीच पुढच्या तड्याची जागा होईल. दुरुस्तीनंतरची पहिली तपासणी हिशेबातल्या मुदतीच्या निम्म्या वेळेत करा, कारण नव्या वेल्डबद्दल अजून तुमच्याकडे एकही मोजमाप नसतं.